जळगांवाहून न्यूयॉर्क किती लांब?

न्यूयॉर्क येथून किती लांब आहे असा प्रश्न जळगांवांत किंवा धुळ्यांत एखाद्या गृहस्थास केला, तर तो किलोमीटर सांगत नाहीं. "एक दिवस लागतो," असें तो म्हणतो. आणि ज्याचा मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल तो "मुंबईहून सोळा तास" असें अधिक नेमकें उत्तर देतो. ह्यांत नवल नाहीं. अंतर काळानें मोजण्याची आपली रीत बैलगाडीच्या दिवसांपासूनची आहे. लांबच्या प्रवासांत कोसांपेक्षां मुक्कामच मोजीत असत. परंतु अंतर ही एक गोष्ट आणि तें तोडण्यास लागणारा वेळ ही दुसरी. आकाशांत तर ह्या दोहोंचें नातें जमिनीवरच्याहून फार निराळें असतें. तेथें लांबची वाट कधीं कधीं लौकर पोंचविते, जातांना लागणारा वेळ येतांना लागत नाहीं, आणि तिकिटावर छापलेल्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली तर उत्तर हमखास चुकतें.

मीं आयुष्यभर शाळेंत भूगोल आणि गणित हे विषय शिकविले. आतां शाळा सुटली, तरी शेजारपाजारचीं वडीलधारीं माणसें मुलांनीं पाठविलेलीं तिकिटें घेऊन येतात व "गुरुजी, हें विमान मुंबईस नक्की कधीं उतरेल?" असें विचारतात. खानदेशांतल्या कित्येक घरांस हा प्रश्न पंचांगाइतका नित्याचा झाला आहे. म्हणून त्याचा उलगडा आज थोडा सविस्तर करावा असें योजिलें आहे.

प्रथम घरचेंच उदाहरण घेऊं. धुळें आणि जळगांव ह्या दोन शहरांमधलें अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलें तर सुमारें ८३ किलोमीटर भरतें. पारोळें, एरंडोल ह्या गांवांवरून जाणाऱ्या हमरस्त्यानें तेंच अंतर नव्वदाच्या वर जातें. आणि कोणी हट्टानें आगगाडीनेंच जाऊं म्हणेल, तर त्यास आधीं दक्षिणेकडे चाळीसगांवास यावें लागेल व तेथून मुख्य मार्गानें पाचोऱ्यावरून पुनः वर चढावें लागेल. हा फेरा सुमारें दीडशें किलोमीटरांचा होतो. चाळीसगांव-धुळें हा फांटा १९०० सालीं सुरू झाला, तेव्हांपासून ह्या फेऱ्यांत बदल नाहीं. दोनच गांवें, पण अंतरें तीन, आणि तिन्ही खरीं. म्हणून "किती लांब?" असें कोणीं विचारल्यास "कोणत्या वाटेनें?" असा उलट प्रश्न करणें हा उद्धटपणा नव्हे.

विमानास ना घाट आडवा येतो ना नदी. तेव्हां त्याचें अंतर पट्टीचेंच असणार असें आपणांस वाटतें. जवळच्या प्रवासापुरतें तें खरेंहि आहे. जळगांवाहून मुंबई रेल्वेनें ४२० किलोमीटर आहे. विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ मोजल्यास सुमारें ३५५ किलोमीटर भरतात. इतक्या लहान अंतरांत पट्टी चालते. परंतु हजारों किलोमीटरांचा प्रवास आला म्हणजे पट्टीच खोटें बोलूं लागते, कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी वाटोळी.

हें ज्यास स्वतः पडताळून पाहावयाचें असेल त्यानें घरांतला पृथ्वीचा गोल घ्यावा. तो नसेल तर मोठासा चेंडू घेऊन त्यावर देशांच्या खुणा कराव्या. (जळगांवचें भरिताचें वांगें ह्या कामीं उपयोगी नाहीं, तें पुरेसें वाटोळें नसतें.) मुंबई आणि न्यूयॉर्क ह्या दोन ठिकाणीं बोटें ठेवून त्यांमध्यें दोरा घट्ट ताणावा. शाळेच्या भिंतीवरील सपाट नकाशावर ह्या दोन शहरांस जोडणारी सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त, सहाराचें वाळवंट आणि मोरोक्को अशी पश्चिमेकडे जाऊन अटलांटिक महासागरांत उतरते. दोरा मात्र त्या वाटेस जात नाहीं. तो मुंबईहून निघतांच वायव्येपेक्षांहि अधिक उत्तरेकडे झुकतो. कंदाहारच्या आसपासून तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग असें करीत मॉस्कोच्या जरासा उत्तरेस निघतो. पुढें स्वीडन, नॉर्वे, आइसलंड ओलांडून ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकास जवळ जवळ स्पर्श करतो आणि कॅनडांतील लाब्राडॉरवरून खालीं न्यूयॉर्कला उतरतो. पश्चिमेस असलेल्या गांवीं जाण्यासाठीं उत्तरध्रुवाच्या दिशेनें निघावें हें प्रथम विलक्षण वाटतें. पण दोरा ताणलेला आहे, आणि ताणलेल्या दोऱ्याहून आंखूड वाट असूं शकत नाहीं.

ह्या वाटेस भूगोलांत बृहद्वृत्त म्हणतात. तिची लांबी काढणें कठीण नाहीं. मुंबई आणि न्यूयॉर्क ह्यांमध्यें पृथ्वीच्या केंद्राशीं होणारा कोन सुमारें ११३ अंशांचा आहे, आणि एका अंशास पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारें १११ किलोमीटर पडतात. गुणाकार साडेबारा हजारांच्या घरांत जातो. वैमानिक व खलाशी ह्यांचा सागरी मैल ह्याच हिशेबांतून निघालेला आहे. अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, तोच एक सागरी मैल, त्याचे १.८५२ किलोमीटर होतात. उलट, सपाट नकाशावरील सरळ रेघ धरून गेल्यास सुमारें १४,२०० किलोमीटर उडावें लागेल. दोहोंमधील फरक सतराशें किलोमीटरांचा. म्हणजे जळगांवाहून मुंबईस रेल्वेनें दोन वेळां जाऊन परत येण्याइतका.

आतां विमानें खरोखर ह्या दोऱ्यावरूनच उडतात काय? साधारणपणें त्याच्या आसपास उडतात. तंतोतंत कधींच नाहीं. प्रत्येक देशाची हद्द जशी जमिनीवर असते तशी आकाशांतहि असते, आणि ती ओलांडण्यास परवानगी लागते. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें तें जुलैच्या मध्यापर्यंत. २०२५ च्या एप्रिलांत त्यानें भारतीय विमानांस पुनः मनाई केली. दोरा त्याच देशावरून जात असल्यामुळें अशा वेळीं विमानास आधीं अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. २०२२ सालीं रशिया व युक्रेन ह्यांचें युद्ध पेटल्यावर युरोप-अमेरिकेच्या विमानकंपन्यांस रशियावरचें आकाश बंद झालें. दोन राष्ट्रांचें बिनसलें म्हणजे त्याचा कर तिसऱ्याच देशांतला प्रवासी खुर्चींत अवघडून बसून भरतो.

अंतर झालें; आतां वेळ. मोठें जेट विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवर ताशीं सुमारें ९०० किलोमीटर वेगानें जातें. साडेबारा हजारांस नऊशेंनीं भागलें तर उत्तर चौदा तासांच्या आंत येतें. पण मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानास सुमारें सोळा तास दिलेले असतात. हे वरचे दोन तास कोठें जातात?

कांहीं जमिनीवरच जातात. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान हवेंत उडण्याची वेळ नव्हे. तें आपल्या जागेवरून हलतें ती ती वेळ. आणि पोंचण्याची वेळ म्हणजे तें दुसरीकडे आपल्या जागीं थांबतें ती. मध्यें धांवपट्टीपर्यंत सरकत जाणें, पुढें रांगेंत चार विमानें असलीं तर खोळंबणें, वर चढतांना व खालीं उतरतांना वेग कमी असणें, हें सारें त्या सोळा तासांत धरलेलें असतें. जळगांव-मुंबईसारख्या लहान प्रवासांत तर ह्याचाच वाटा मोठा. पंख्याचें विमान ताशीं सुमारें पांचशें किलोमीटर जातें. ३५५ किलोमीटरांस हिशेबानें पाऊण तास पुरे व्हावा. तरी वेळापत्रकांत एक तासाहून अधिक वेळ मांडलेला असतो, आणि तो योग्यच असतो.

परंतु सर्वांत मोठें कारण वारा. येथें एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. जळगांवच्या अक्षांशावर तो वेग ताशीं सुमारें १,५६० किलोमीटर पडतो. तेव्हां पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाचें गांव आपण होऊन त्याच्याकडे येत असेल, असें पुष्कळांस वाटतें. वर्गांत दरवर्षीं एखादा हुशार मुलगा विचारीच, कीं हेलिकॉप्टर वर नेऊन स्थिर ठेवलें तर बारा तासांनीं खालीं अमेरिका येईल काय? येणार नाहीं. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत चेंडू वर फेंकला तर तो हातांतच परत पडतो, मागच्या बाकावर पडत नाहीं. त्याप्रमाणें विमान व त्याच्या भोंवतीची हवा हीं दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात. फिरण्याचा म्हणून निराळा फायदा वा तोटा नाहीं. फायदा-तोटा होतो तो हवा पृथ्वीहून निराळ्या वेगानें वाहूं लागते तेव्हां, म्हणजे वारा असतो तेव्हां.

विमानें ज्या उंचीवर जातात तेथें आपल्या उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांस इंग्रजींत जेट स्ट्रीम म्हणतात. आपण त्यांस उंचावरील झोतवारे म्हणूं. उष्ण कटिबंधांतील गरम हवा व ध्रुवाकडील थंड हवा ह्यांच्या तपमानांतील फरकामुळें आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें ते निर्माण होतात. हिंवाळ्यांत हा फरक वाढतो, तेव्हां वाऱ्यांचा जोरहि वाढतो. ताशीं दीडशें-दोनशें किलोमीटर हा त्यांचा नेहमींचा वेग. कधीं तो तीनशेंच्याहि वर जातो. अमेरिकेस जाणारें विमान ह्या वाऱ्यांच्या तोंडीं सांपडतें आणि येणाऱ्यास ते पाठीशीं मिळतात. म्हणून न्यूयॉर्कहून मुंबईस येतांना तास-दीड तास कमी लागतो.

कोणी म्हणेल, जातांना जितकें गेलें तितकें येतांना मिळालें, हिशेब फिटला. तो फिटत नाहीं, आणि हें उदाहरण मुलांकडून घरीं सोडवून घेण्यासारखें आहे. समजा, अंतर ६,३०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशीं ८०० आणि वाऱ्याचा १००. वारा समोर असतां वेग ७०० पडून नऊ तास लागतील, पाठीशीं असतां ९०० होऊन सात लागतील, एकूण सोळा. वारा मुळींच नसता तर दोन्ही खेपांस मिळून पावणेसोळा तास लागले असते. पाव तास तोट्यांत गेला. कारण उघड आहे: प्रतिकूल वाऱ्यांत विमान नऊ तास असतें आणि अनुकूल वाऱ्यांत सातच. तापीच्या पात्रांत धारेच्या उलट पोहून गेलेल्या आणि धारेबरोबर परत आलेल्या माणसास हें गणित न मांडतांहि कळतें.

ह्याच वाऱ्याचा विचार करून एअर इंडियानें २०१६ च्या ऑक्टोबरांत एक प्रयोग केला. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हें तिचें थेट विमान तोंवर पश्चिमेकडे, म्हणजे अटलांटिक महासागरावरून जात असे. तें तिनें पूर्वेकडे वळविलें. चीन-जपानच्या बाजूनें पॅसिफिक महासागरावरून नेलें. हा रस्ता सुमारें १५,३०० किलोमीटर लांब, पहिल्याहून सुमारें चौदाशें किलोमीटर अधिक. तरी विमान साडेचौदा तासांत पोंचलें. वेळ सुमारें दोन तासांनीं कमी झाला. भागाकार करून पाहावा: ताशीं हजारांहून अधिक किलोमीटर. इंजिन तेंच होतें. वरचा वेग वाऱ्यानें दिला. परततांनाहि तें पूर्वेकडेच, अटलांटिकवरून येई, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होई. आमच्या पिढीच्या मनांत अमेरिका म्हणजे पश्चिम असें इतकें पक्कें ठसलेलें आहे, कीं मुलगी जपानच्या बाजूनें अमेरिकेस गेली हें ऐकून कित्येक आजीबाई काळजींत पडल्या असतील.

ह्या सोळा तासांचें मोल जुन्या प्रवासाशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं एका इंजिनाचें लहानसें पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस आणलें. त्यांत टपाल होतें. त्यानंतर सोळाच वर्षांनीं, ८ जून १९४८ रोजीं, मलबार प्रिन्सेस नांवाचें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथें थांबत लंडनला गेलें. तें पंख्यांचें होतें; आज जळगांवास येणाऱ्या लहान विमानाचा व त्याचा वेग साधारण सारखाच. १९६० सालीं एअर इंडियाचीं जेट विमानें आलीं, आणि १ ऑगस्ट २००७ रोजीं मुंबईहून न्यूयॉर्कला मध्यें कोठेंहि न उतरतां जाणारें आपलें पहिलें विमान तिनें सुरू केलें.

आतां घड्याळाकडे वळूं. बहुतेकांची गांठ येथेंच अडते. सुटण्याची व पोंचण्याची ह्या दोन्ही वेळा तिकिटावर त्या त्या गांवच्या घड्याळाप्रमाणें छापलेल्या असतात. मुंबईहून रात्रीं दोन वाजतां निघून सकाळीं साडेआठ वाजतां न्यूयॉर्क, असें वाचून साडेसहा तासांचा प्रवास समजूं नये. उन्हाळ्यांत न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्या मागें साडेनऊ तास असतें. तेथें साडेआठ म्हणजे येथें संध्याकाळचे सहा. दोनपासून सहापर्यंत सोळा तास. हिंवाळ्यांत हें अंतर साडेदहा तासांचें होतें, कारण अमेरिकेंत मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळें तासभर पुढें करतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें घेतात. आपल्याकडे हा खेळ नाहीं. आपलें प्रमाणवेळेचें रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांचें, १९०६ सालापासूनचें. त्यामुळें जळगांवास सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीनें बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनीं, आणि धुळ्यास त्याहून तीन मिनिटें उशिरां. अमेरिकेंतील नातवानें "आजोबा, आमच्याकडे वेळ बदलली" असें म्हटलें म्हणजे त्याचा अर्थ हा; पुढच्या रविवारचा दूरध्वनि तासभर मागेंपुढें व्हावयाचा.

इथपर्यंतचा हिशेब मुंबईपासूनचा झाला. परंतु आपण खानदेशांत राहतों. जळगांवच्या विमानतळावरून न्यूयॉर्कचें विमान कां सुटत नाहीं, असें कोणी विचारीत नाहीं. तरी त्याचें उत्तर जाणून घेण्यासारखें आहे. जळगांवची धांवपट्टी सुमारें १,७०० मीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धांवपट्टी साडेतीन किलोमीटरांच्या घरांतली. सोळा तास उडावयाचें तर एकट्या इंधनाचेंच वजन शंभर टनांच्या वर जातें, आणि इतका भार घेऊन हवेंत चढण्यास लांब धांव घ्यावी लागते. त्यांत आपला उन्हाळा. हवा तापली म्हणजे विरळ होते. विरळ हवेंत पंखांस उचल कमी मिळते आणि इंजिनाचाहि जोर उतरतो. म्हणून तेंच विमान, तेवढेंच वजन घेऊन, जानेवारींत जितक्या पट्टींत उडेल तितकींत मे महिन्यांत उडणार नाहीं. अमेरिकेंतील फीनिक्स शहरीं २०१७ च्या जूनमध्यें पारा अठ्ठेचाळीसच्या आसपास गेला, तेव्हां लहान जेट विमानांच्या कित्येक फेऱ्या रद्द कराव्या लागल्या; त्या विमानांची मर्यादा तितकीच होती. भुसावळ-जळगांवच्या उन्हाळ्यास तो आंकडा फारसा परका नाहीं. धुळ्याजवळ गोंदूर येथें आणि शिरपुराकडेहि धांवपट्ट्या आहेत, पण त्या मुख्यतः वैमानिकांच्या शिक्षणाच्या. उद्यांचा वैमानिक धुळ्यांत शिकतो आणि धुळ्याचा प्रवासी मुंबईस जाऊन विमानांत बसतो.

जळगांवची सेवा अखंड अशी राहिलेली नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत एअर डेक्कनचें एकोणीस आसनांचें विमान मुंबईहून येऊं लागलें. तें बंद पडलें. २०१९ सालीं ट्रूजेटची सेवा सुरू झाली, तीहि थांबली. २०२४ सालीं फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर ह्या कंपन्या आल्या. ह्या इतिहासावरून मी जो धडा शिकलों तो शेजाऱ्यांस नेहमीं सांगतों. परदेशीं जावयाचें असेल तर जळगांव-मुंबई हा तुकडा त्याच दिवशींच्या लहान विमानावर सोंपवूं नये, निदान दोन तिकिटें वेगवेगळीं काढलीं असतील तेव्हां तर मुळींच नाहीं. दोन्ही प्रवास एकाच तिकिटांत असतील तर पहिलें विमान चुकल्यास पुढच्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. वेगळीं असतील तर मोठ्या विमानाच्या दृष्टीनें आपण फक्त उशिरां आलेले प्रवासी. आदल्या दिवशीं आगगाडीनें जावें, मुंबईस नातलगाकडे जेवावें, आणि मग निघावें. हें थोडें जुनाट वाटेल. पण मुलीच्या बाळंतपणासाठीं प्रथमच निघालेल्या साठी उलटलेल्या बाईस मुंबईच्या विमानतळावर एकटीला सहा तास बसवून ठेवण्यापेक्षां बरें.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब केला तर लहान विमानाचा लाभ दिसतो त्याहून कमी असतो. जळगांवकरास विमानतळ जवळ आहे. तेथें दीड तास आधीं जाणें, सव्वा तासाचा प्रवास, मुंबईस बाहेर पडून घर गांठणें, असे चार तास तरी धरावे. आगगाडीस गाडीप्रमाणें सहा-सात तास व दोन्हीकडचा वेळ निराळा. म्हणजे तीन-चार तास वांचले. कामाच्या माणसास ते थोडे नाहींत. धुळेकराचा हिशेब मात्र उलटा बसतो. त्यानें विमानासाठीं जळगांवास जावयाचें म्हणजे आधीं दोन तास मुंबईपासून दूर पूर्वेकडे जावयाचें. तेवढ्या वेळांत आग्रा रस्त्यानें तो मालेगांव ओलांडून बराच पुढें गेलेला असतो.

आतां एका अवघड गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. घरांत वडील माणूस गेलें, मुलगा न्यूजर्सींत आहे, तो येईपर्यंत थांबावें कीं न थांबावें, असा प्रसंग हल्लीं आपल्या गांवांतून वारंवार येतो. "सोळा तासांत येईल" असें कोणीतरी अंगणांत म्हणतो आणि सारे त्यावर विसंबतात. ह्या वेळीं गणित नीट मांडावें. तिकडे घरून विमानतळापर्यंत दीड तास; तेथें तीन तास आधीं; थेट विमान मिळालें तर सुमारें पंधरा तास; मुंबईस पारपत्राची तपासणी होऊन बाहेर पडण्यास दोन तास; पुढें मोटारीनें जळगांवपर्यंत आठ. बेरीज साडेएकोणतीस. हा सर्वांत कमी वेळ, आणि तोहि पुढच्याच विमानांत जागा मिळाली तर. थेट विमानें दिवसांतून मोजकींच. आखाती देशांवरून किंवा युरोपवरून बदलून यावें लागलें तर आणखी चार-सहा तास सहज जातात. म्हणून बातमी कळल्यापासून छत्तीस तास धरावे आणि त्याप्रमाणें शीतपेटीची व्यवस्था करावी. किंवा धाकट्या भावाच्या, मुलीच्या हातून विधि उरकावा आणि येणाऱ्यास तसें स्पष्ट कळवावें. दोन्ही निर्णय योग्यच आहेत. वाईट होतें तें दुपारपर्यंत येईल, संध्याकाळपर्यंत येईल, असें करीत माणसें ताटकळतात तें. आणि तिकडे विमानांत बसलेल्या मुलास आपली वाट पाहत आहेत कीं नाहींत हेंहि ठाऊक नसतें. मीं एका घरीं त्या मुलाच्या थोरल्या बहिणीस हा हिशेब कागदावर मांडून दिला. तिनें तो वाचला, भावास दूरध्वनि करून "दादा, तूं तेराव्यास ये, घाई करूं नकोस" असें सांगितलें, आणि ती पुढच्या तयारीस लागली.

शेवटीं तिकिटावरची एक लहानशी खूण. पोंचण्याच्या वेळेपुढें बारीक अक्षरांत '+१' असें कधीं कधीं छापलेलें असतें. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशीं. न्यूयॉर्कहून येणाऱ्या विमानांस ती बहुतेक असतेच. कोठें ती '+२' अशीहि असते. उन्हाळ्यांत सोमवारीं दुपारीं बारा वाजतां तेथून निघालेलें विमान पावणेपंधरा तासांचा प्रवास करून मुंबईस मंगळवारीं दुपारीं सव्वाबारास उतरतें. हिंवाळ्यांत तितकाच वेळ धरला तर सव्वाएकास. जळगांवाहून न्यावयास मोटार पाठवावयाची असेल तर ती मंगळवारीं पहांटे चारच्या सुमारास निघाली पाहिजे. सोमवारीं रात्रीं निघालात तर नाशकापुढें कोठेंतरी चहा घेत बसावें लागेल.